ईस्टरनंतरच्या सणांची वाचने आणि त्यांवरचे चिंतन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टरची रात्र झाली, मेणबत्त्या विझल्या, 'आलेलुया' गाऊन झाले की बऱ्याच जणांच्या लेखी सण आटोपतो. वाचनांचा खरा पसारा मात्र तिथून पुढे सुरू होतो. देवळात वाचन करणारे, चिंतन लिहिणारे आणि घरी शास्त्रपाठ उघडून बसणारे या काळात जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरे मुख्यतः रोमन कॅथॉलिक वाचनक्रमाला, म्हणजे कोणत्या दिवशी बायबलमधले कोणते उतारे वाचायचे त्या ठरलेल्या यादीला, धरून आहेत. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या १९९२ साली आलेला सुधारित सामायिक वाचनक्रम वापरतात आणि या काळापुरते दोन्ही क्रम बरेचसे जुळतात.

'ईस्टरनंतरचे सण' म्हणजे नेमके कोणते?

ईस्टरच्या रविवारपासून पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा पुनरुत्थानकाळ असतो. त्यातले पहिले आठ दिवस मोठ्या सणाच्या इतमामाने पाळले जातात. चाळिसाव्या दिवशी प्रभूचे स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याचे आगमन. तिथे पुनरुत्थानकाळ संपतो, पण सणांची रांग संपत नाही. पुढच्या रविवारी पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाचा सण, त्यानंतर ख्रिस्तशरीर व रक्ताचा सण आणि मग एका शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाचा सण. पेन्टेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, 'ख्रिस्तसभेची माता मरिया' हा स्मरणदिन असतो. तो सगळ्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेसाठी २०१८ मध्ये सुरू झाला.

तारखा दरवर्षी का सरकतात?

ईस्टर चंद्रावर अवलंबून आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा ढोबळ नियम. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही पडतो आणि बाकीचे सण त्याच्यामागून चालतात. ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन पंचांगाने हिशेब करतात, म्हणून त्यांचा दिवस बहुधा वेगळा असतो. २०२५ मध्ये मात्र दोघांचाही ईस्टर २० एप्रिललाच आला होता.

अ, ब, क वर्ष कसे ओळखायचे?

रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, त्या वर्षांना अ, ब, क म्हणतात. सनाला तीनने पूर्ण भाग जात असेल तर ते 'क' वर्ष. २०२५ 'क', २०२६ 'अ', २०२७ 'ब'. एक लक्षात ठेवा, की हे वर्ष जानेवारीत बदलत नाही, आदल्या आगमनकाळातच, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, बदलते.

या काळात पहिले वाचन जुन्या करारातून का नसते?

एरवी रविवारचे पहिले वाचन जुन्या करारातून येते आणि शुभवर्तमानाशी, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांतून त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या उताऱ्याशी, जुळेल असे निवडलेले असते. पुनरुत्थानकाळात त्या जागी प्रेषितांची कृत्ये, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती मंडळीची हकिगत सांगणारे नव्या करारातले पुस्तक, येते. ही पद्धत आजकालची नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तम आणि ऑगस्टीन यांच्या प्रवचनांतही ईस्टरनंतर हे पुस्तक वाचले जात असल्याचे दिसते.

चिंतन लिहिणाऱ्याने यातून एक व्यावहारिक गोष्ट घ्यावी. या रविवारी पहिले वाचन आणि शुभवर्तमान यांची मोट बांधलीच पाहिजे असे नाही. दोन्ही आपापल्या वाटेने जातात. ओढूनताणून जोडलेला दुवा ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

दुसरी गोष्ट जरा तक्रारीच्या सुरात सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांतून बहुतेक चिंतनांत दोनच उतारे पुन्हा पुन्हा येतात: सगळे एकदिलाने राहत होते, कुणाला काही उणे नव्हते (२:४२-४७ आणि ४:३२-३५). हे उतारे सुंदर आहेतच. पण वाचनक्रम तिथे थांबत नाही. 'अ' वर्षी (ईस्टरचा रविवार पहिला धरून) पाचव्या रविवारी (६:१-७) रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते म्हणून कुरबुर सुरू होते. 'ब' वर्षी त्याच रविवारी (९:२६-३१) पौल यरुशलेमला येतो आणि त्याच्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही. बर्णबा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेतो, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकते. 'क' वर्षी सहाव्या रविवारी सुंतेवरून झालेला मोठा वाद आहे (अध्याय १५). पुनरुत्थान पाहिलेल्या पिढीतही वाटपावरून भांडणे झाली, माणसे एकमेकांना घाबरली, नियमांवरून तट पडले. मंडळीत दोन गट पडलेल्या ठिकाणी चिंतन करायचे असेल, तर एकदिलाच्या उताऱ्यापेक्षा विधवांचा उतारा जास्त उपयोगी पडतो. तिथे प्रेषित तक्रार दाबत नाहीत. ते सगळ्यांना बोलावतात आणि सात माणसे निवडून काम वाटून देतात.

दुसऱ्या रविवारी दरवर्षी थोमाचाच उतारा का? तेच तेच किती बोलायचे?

कारण शुभवर्तमानानेच तारीख घालून दिली आहे. योहान २०:१९-३१ मध्ये दोन संध्याकाळी आहेत, पहिली पुनरुत्थानाच्या दिवसाची, जेव्हा थोमा हा शिष्य तिथे नव्हता आणि जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हणाला, आणि दुसरी आठ दिवसांनंतरची, त्याच्यासह. म्हणून अ, ब, क तिन्ही वर्षी हाच उतारा.

तेच तेच बोलावे लागते ते 'संशयी थोमा' एवढेच धरून बसल्यामुळे. मजकूर हळू वाचा. येशू इतरांना आपण होऊन हात आणि कूस दाखवतो आणि त्यानंतर त्यांना आनंद होतो (२०:२०). थोमा जे मागतो त्यातले बरेचसे बाकीच्या दहा जणांना न मागता मिळालेले आहे. तो उशिरा आला, एवढाच फरक. शिवाय अकराव्या अध्यायात, यहुदियाला जाणे जिवावरचे असताना, 'चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ' असे म्हणणारा हाच माणूस आहे. भित्रा किंवा थंड नव्हे.

दुसरे, त्याने जखमेत बोट घातले असे योहान कुठेही लिहीत नाही. येशू 'घाल' म्हणतो आणि थोमा लगेच 'माझा प्रभू, माझा देव' म्हणतो. मधला स्पर्श चित्रकारांनी भरला आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अडवणारी वाटते. आठ दिवसांनी पुन्हा दारे बंदच आहेत. ज्यांनी प्रभूला पाहिले, ज्यांना त्याने 'मी तुम्हांला पाठवतो' असे सांगितले, ते आठवडा उलटूनही कडी लावून आतच बसलेले आहेत. मग थोमाने त्यांच्या शब्दावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? चिंतनाला हा प्रश्न पुरेसा आहे.

हाच रविवार कॅथॉलिक ख्रिस्तसभेत 'दैवी दयेचा रविवार' म्हणूनही पाळतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० एप्रिल २००० रोजी, सिस्टर फाउस्तिना यांना संतपद देताना, तशी घोषणा केली. पापक्षमेचा अधिकार देणारे वचन (२०:२३) याच उताऱ्यात असल्याने वेगळे वाचन निवडावे लागले नाही.

अम्माऊसच्या वाटेवर नेमके काय पाहायचे?

लूक २४:१३-३५. यरुशलेमहून अम्माऊस गावाला निघालेल्या दोन शिष्यांना उठलेला येशू वाटेत भेटतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. हा उतारा 'अ' वर्षी तिसऱ्या रविवारी, ईस्टरनंतरच्या बुधवारी दरवर्षी आणि हवा असल्यास ईस्टरच्या संध्याकाळच्या मिस्साला वाचतात. साठ स्तादियांचे, म्हणजे साधारण ११ किलोमीटरचे अंतर. दोघांपैकी एकाचे नाव क्लयपा, दुसऱ्याचे लूक सांगत नाही.

या दोघांना माहितीची कमतरता नाही. ते अनोळखी सोबत्याला सगळे सांगतात: येशू कोण होता, त्याला क्रुसावर कसे दिले, स्त्रिया पहाटे कबरेकडे गेल्या, देवदूत दिसले, तो जिवंत आहे असे त्यांनी सांगितले. पुनरुत्थानाची बातमी त्यांच्याच तोंडात आहे आणि चेहरे उतरलेले आहेत. 'आम्हांला आशा होती,' असे ते म्हणतात, भूतकाळात.

गाव जवळ आल्यावर येशू पुढे जायला निघाल्यासारखे दाखवतो. ते आग्रह करतात: संध्याकाळ झाली, दिवस कलला, आमच्याकडे राहा. भाकर मोडली जाते, ओळख पटते, तो दिसेनासा होतो. मग ज्या अंधाराचे कारण सांगून त्यांनी पाहुण्याला थांबवून घेतले, त्याच अंधारात ते स्वतः उठून अकरा किलोमीटर परत चालू लागतात. लूक यावर एक शब्दही बोलत नाही.

आणि यरुशलेमला पोहोचल्यावर त्यांची बातमी जरा शिळीच ठरते. त्यांनी तोंड उघडण्याआधीच तिथले लोक सांगतात, की प्रभू खरोखर उठला आहे आणि शिमोनाला, म्हणजे पेत्राला, दिसला आहे. शिमोनाच्या त्या भेटीचे वर्णन कुठल्याही शुभवर्तमानात नाही. पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१५:५) तिचा उल्लेख करतो, तोही एका ओळीत.

समुद्रकाठच्या न्याहारीच्या उताऱ्यात १५३ माशांचा अर्थ काय?

येशूच्या सांगण्यावरून टाकलेल्या जाळ्यात शिष्यांना १५३ मासे मिळतात. जेरोम, ऑगस्टीन यांच्यापासून आजवर अनेकांनी त्या आकड्याचे अर्थ लावले आहेत. वेळ कमी असेल तर आकडा सोडा आणि विस्तवाकडे पाहा.

'क' वर्षी तिसऱ्या रविवारी योहान २१:१-१९ वाचतात. शिष्य किनाऱ्याला लागतात तेव्हा कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी असते, बाजूला भाकर. योहानाच्या शुभवर्तमानात असा कोळशांचा विस्तव याआधी एकदाच पेटलाय: प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात, थंडीत, जिथे पेत्र शेकत उभा राहिला आणि 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणाला (१८:१८). तीनदा नाकारले. आता तशाच विस्तवापाशी तीनदा विचारले जाते, 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय?'

येशू त्या रात्रीचा विषय काढत नाही. आधी खायला घालतो, मग विचारतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटते, असे योहान नोंदवतो. म्हणजे त्याला कळले आहे. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम मिळते: मेंढरे राख, चार. पेत्राची लायकी पुन्हा तपासून घेण्यासाठी मध्ये वेळ गेलेला नाही. ज्याने मोठी चूक केली आहे त्याला मंडळीत पुन्हा जबाबदारी द्यावी की नाही, या प्रश्नावर बोलणारा दुसरा इतका थेट उतारा मला तरी सापडत नाही. मात्र याचा आधार घेऊन, ज्यांचे नुकसान झाले त्यांना गप्प बसवू नये. इथे दुखावलेला स्वतः विचारतो आहे. त्याच्या वतीने कुणी तिसरा माफी वाटत नाही.

चौथ्या रविवारी उत्तम मेंढपाळ. त्यात ईस्टरचा काय संबंध?

योहानाचा दहावा अध्याय तीन वर्षांत तुकड्यांनी वाचतात. 'ब' वर्षीच्या तुकड्यात (१०:११-१८) संबंध उघड आहे: मी माझा प्राण देतो, आणि तो परत घेतो. १९६४ पासून हा रविवार पाचारणासाठी, म्हणजे देवाच्या सेवेला येणाऱ्या हाकेसाठी, प्रार्थनेचा जागतिक दिवस म्हणूनही पाळतात. त्यामुळे सगळे चिंतन धर्मगुरू आणि धर्मभगिनींच्या संख्येकडे वळते आणि मेंढरे मागेच राहतात. 'अ' वर्षी येशू स्वतःला आधी दार म्हणतो, तेही वाचून पाहावे.

'यहुद्यांच्या भीतीने दारे बंद होती' हे वाक्य कसे हाताळावे?

जपून. आत कोंडून बसलेले सगळे यहुदीच होते. येशू यहुदी, मरिया यहुदी, थोमा यहुदी. योहान अनेक ठिकाणी हा शब्द यरुशलेमच्या अधिकारी वर्गासाठी वापरतो. हे स्पष्ट न केल्यामुळे अशा वाक्यांचा शतकानुशतके एका समाजाविरुद्ध वापर झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले, की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. कृत्यांतली पेत्राची भाषणे ('तुम्ही त्याला मारले') वाचतानाही हे भान हवे. चिंतनात एक वाक्य पुरते, पण ते असावे.

स्वर्गारोहण गुरुवारी की रविवारी?

चाळिसावा दिवस गुरुवारी येतो. अनेक ठिकाणी सर्वांना येता यावे म्हणून सण सातव्या रविवारी साजरा करतात. दोन्ही वैध. तसे केल्यास सातव्या रविवारची वाचने, म्हणजे योहानाच्या सतराव्या अध्यायातली येशूची प्रार्थना, त्या वर्षी ऐकायला मिळत नाहीत. ती घरी वाचावी.

लूक स्वर्गारोहणाच्या एकाच घटनेचे दोन वेगळे हिशेब कसे देतो?

हा प्रश्न 'क' वर्षी हटकून येतो, कारण त्या दिवशी पहिले वाचन (कृत्ये १:१-११) आणि शुभवर्तमान (लूक २४:४६-५३) दोन्ही लूकचीच. शुभवर्तमान सरळ वाचले तर सगळे ईस्टरच्याच दिवशी घडल्यासारखे वाटते. कृत्यांत मात्र चाळीस दिवस आहेत. लेखक एकच, म्हणजे त्याला हे माहीत होते. एका पुस्तकाचा शेवट करताना त्याने घटना आवळली, दुसऱ्याची सुरुवात करताना सैल सोडली. चाळीस हा आकडा अरण्यातल्या परीक्षेचीही आठवण देतो.

चिंतनासाठी दोन जागा. कृत्यांत पांढऱ्या वस्त्रांतले दोघे विचारतात, आकाशाकडे पाहत का उभे राहिलात? आणि शुभवर्तमानात शिष्य 'मोठ्या आनंदाने' परततात. निरोपानंतर आनंद, हे विचित्र आहे. ते विचित्र आहे हे मान्य करून पुढे जावे, घाईने समजावून टाकू नये. 'अ' वर्षी मत्तय आणखी एक खडा टाकतो: डोंगरावर त्याला पाहून त्यांनी नमन केले, 'पण कित्येकांना संशय वाटला' (२८:१७). सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करण्याची महान आज्ञा त्या संशय वाटलेल्यांनाही धरून दिलेली आहे.

'ब' वर्षी मार्क १६:१५-२० येते. जुन्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस यांत, मार्कचे शुभवर्तमान आठव्या ओवीलाच संपते, घाबरून पळालेल्या स्त्रियांपाशी. पुढचा भाग ख्रिस्तसभेने शास्त्र म्हणून स्वीकारला आहे. याच उताऱ्यातले साप उचलण्याचे वचन वाचून कुणी शब्दशः प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको.

पवित्र आत्मा ईस्टरच्या संध्याकाळी मिळाला की पन्नासाव्या दिवशी?

पेन्टेकॉस्टच्या दिवशी दोन्ही वाचतात, शेजारी शेजारी. कृत्ये २:१-११ मध्ये सोसाट्याचा वारा, अग्नीच्या जिभा, बाहेर जमलेली गर्दी. योहान २०:१९-२३ मध्ये बंद खोली आणि फुंकर. ख्रिस्तसभेने दोन्ही ठेवली, एकीला खोटे पाडले नाही. कुणाला आत्मा गर्जत भेटतो, कुणाला श्वासाइतका हळू. योहानाची फुंकर उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण देते, जिथे देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो.

पेन्टेकॉस्ट मुळात यहुद्यांचा सण, वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवशीचा, गव्हाच्या कापणीचा. पुढे त्याच्याशी सीनाय पर्वतावर मिळालेल्या नियमशास्त्राची आठवणही जोडली गेली. म्हणून आदल्या रात्रीच्या जागरणाच्या वाचनांत निर्गमाचा एकोणिसावा अध्याय आहे. तिथेच बाबेलचा बुरूज, यहेज्केलची सुकलेली हाडे आणि योएलचे वचनही आहे. ही चार वाचने इतकी भरगच्च आहेत, की जमले तर जागरण जरूर करावे. बाबेलवर बोलताना एक सरधोपट वाक्य टाळा: 'बाबेलला भाषा फुटल्या, पेन्टेकॉस्टला पुन्हा एक झाली.' कृत्यांत भाषा एक होत नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू येते. गर्दीतला परदेशी पार्थी पार्थीच राहतो.

पवित्र त्रैक्याच्या रविवारी उपमा द्यावी का?

माझे मत, नको. पान, पाणी, सूर्य, त्रिकोण, कशानेही गोष्ट सोपी होत नाही, उलट जुन्या काळी नाकारलेले एखादे मत नकळत मांडले जाते. हा सण १३३४ मध्ये पोप योहान बाविसावे यांनी सर्वत्र लागू केला आणि त्याची वाचने व्याख्या देतच नाहीत. 'अ' वर्षी निर्गम ३४ मध्ये मोशे दगडी पाट्या घेऊन पुन्हा डोंगर चढतो. पुन्हा, कारण सोन्याच्या वासरापायी पहिल्या पाट्या फुटल्या आहेत. तिथे देव आपली ओळख करून देतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. फसवणुकीनंतरची ही ओळख आहे. तिच्याजवळ योहान ३:१६ ठेवले की बोलायला भरपूर मिळते.

ख्रिस्तशरीराच्या सणाला वाचनांत काय शोधावे?

हा सण लिएजच्या जुलियाना यांच्या आग्रहातून वाढला आणि पोप अर्बन चौथे यांनी १२६४ मध्ये तो सर्वांसाठी जाहीर केला. मिरवणूक आणि आराधना डोळ्यांत भरतात, वाचने पोटाकडे नेतात. 'अ' वर्षी अरण्यातला मान्ना, म्हणजे इस्राएलांना देवाने दिलेले अन्न. 'क' वर्षी भाकरी आणि मासे. शिष्य म्हणतात लोकांना घरी पाठवा, येशू म्हणतो तुम्हीच त्यांना खायला द्या.

'क' वर्षीचे दुसरे वाचन १ करिंथ ११:२३-२६, शेवटच्या भोजनाचे. त्या दिवशीच्या वाचनात याआधीच्या ओव्या नाहीत, त्या जरूर पाहाव्यात. करिंथमध्ये भोजनाला जमल्यावर काही जण आधीच खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यावर संतापला आहे आणि त्या संतापाच्या भरात त्याने हे पवित्र शब्द सांगितले आहेत. म्हणून या सणाला कोण जेवायचे राहिले, हा प्रश्न विषयाबाहेरचा नाही.

पवित्र हृदयाचा सण शुक्रवारी का?

येशूला क्रुसावर दिले तो दिवस शुक्रवारचा म्हणून. पेन्टेकॉस्टनंतर एकोणीस दिवसांनी तो येतो. १८५६ मध्ये पोप पायस नववे यांनी सगळ्या ख्रिस्तसभेसाठी तो लागू केला. 'ब' वर्षी भाल्याने भोसकलेली कूस (योहान १९:३१-३७) आणि होशेयचा अकरावा अध्याय: देव इस्राएलाला चालायला शिकवणाऱ्या बापासारखा बोलतो. होशेय आधी वाचा.

पेन्टेकॉस्टच्या वाचनातली अवघड नावे वगळली तर चालेल का?

नको. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमिया, कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया, पंफुलिया, मिसर, लिबुवा, रोम, क्रेत, अरब. अडखळायला होते हे खरे, पण ती यादी काढली तर 'सर्वांना आपापल्या भाषेत' हे वाक्य हवेत लटकते. आदल्या संध्याकाळी ती दोनदा मोठ्याने वाचावी, प्रत्येक नावानंतर थोडे थांबावे. एखादा उच्चार चुकला तर मागे येऊन दुरुस्त करत बसू नये; पुढच्या नावाकडे जावे.